नायिकेच्या शोकांतिकेची कारणे : गुण दहा

कल्याणच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवते. दुसऱ्या वर्षाला तेव्हा एक जुनी कादंबरी लावलेली होती. तिची नायिका शेवटच्या प्रकरणात परसातल्या विहिरीत जीव देते. परीक्षेत त्यावर एक प्रश्न ठरलेलाच असायचा : नायिकेच्या शोकांतिकेची सामाजिक आणि वैयक्तिक कारणे लिहा. मी दर वर्षी त्याच नोट्स द्यायचे. सामाजिक कारणांत लहान वयातलं लग्न, परावलंबन, लोकांच्या बोलण्याचा धाक. वैयक्तिक कारणांत भावनाप्रधान स्वभाव, निर्णयशक्तीचा अभाव, टोकाचा सोशिकपणा. मुलं माना खाली घालून लिहून घ्यायची. मी सांगताना घड्याळाकडे बघत असायचे, कारण तास संपल्या संपल्या मला नवऱ्याला मेसेज करावा लागे.

आम्ही डोंबिवलीला राहत होतो. नवऱ्याने माझ्यावर कधी हात उचलला नाही. तो मोठ्यानेही बोलत नसे. सोसायटीतल्या म्हाताऱ्या माणसांचे फॉर्म भरून द्यायचा, लिफ्टमध्ये बायकांच्या हातातल्या पिशव्या धरायचा. माझ्या फोनमध्ये त्याने लोकेशन चालू करून ठेवलेलं, काळजी वाटते म्हणून. जेवताना भाताचा घास कालवत शांतपणे विचारायचा, “आज कॉलेजच्या गेटपाशी अकरा मिनिटं का थांबलेलीस?”

“रिक्षा मिळत नव्हती.”

“बरं.”

या ‘बरं’नंतर तीन-चार दिवस घरात शब्द नसायचा. तो माझ्याकडे बघत बसायचा, एवढंच. एकदा मी कॉलेजातून आले तर बाथरूमच्या दाराची कडी नव्हती. “खराब झालेली, काढून टाकली,” म्हणाला. नवी कधी बसली नाही. मी आंघोळ करत असले की दारापलीकडे त्याच्या सपातांचा आवाज यायचा आणि तिथेच थांबायचा. मग मी तांब्याचा आवाज होऊ न देता पाणी अंगावर घ्यायचे. त्याच्या किल्लीचा आवाज मी शेजारच्यांच्या किल्लीपासून वेगळा ओळखू शकत होते. तो आवाज आला की हातातलं काम तसंच टाकून मी चहाचं आधण ठेवायला उठायचे. ही भीती आहे, असं तेव्हा मी म्हणत नव्हते. मी म्हणायचे, माझाच स्वभाव घाबरट.

त्या वर्षी वर्गात आंबिवलीहून येणारी एक मुलगी होती. सकाळी एका दवाखान्यात रिसेप्शनला बसायची आणि मग कॉलेज करायची. तिने एक दिवस मध्येच हात वर केला.

“मॅडम, नायिका शेजारणीला म्हणते, काही नाही, मी बरी आहे. ते आपण सोशिकपणात लिहिलंय. पण शेजारीण पुन्हा विचारतच नाही. ते कुठे लिहायचं?”

वर्ग हसला. मी म्हटलं, “सामाजिकमध्ये लिही.”

“पण नोट्समध्ये नाहीये ते.”

“तू लिही,” मी म्हटलं आणि पुढचा मुद्दा सांगायला घेतला.

तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. “मॅडम, तुम्ही बऱ्या आहात ना?”

“हो गं, का?”

“नाही, तुम्ही शिकवताना सारखा फोन उलटा-सुलटा करता.” ती जरा थांबली. “नक्की बऱ्या आहात?”

“नक्की,” मी म्हटलं आणि हजेरीपट उचलून निघाले. तिचं विचारणं चांगुलपणाचं होतं, पण मला वाटलं ते फक्त हेच, की हिला दिसलंय. हिला दिसलं तर बाकीच्यांनाही दिसत असेल, मग त्याच्या कानावर जाईल, आणि तो म्हणेल, बाहेर काय सांगतेस तू माझ्याबद्दल? त्या दिवशी मी मेसेज करायला चार मिनिटं उशीर केला. घरी गेल्यावर त्याने त्याबद्दल एक शब्द काढला नाही, आणि त्यामुळे मी जास्तच घाबरले.

दोन आठवड्यांनी परीक्षा सुरू झाली. पर्यवेक्षणाच्या वेळी आमचे फोन ऑफिसात जमा करावे लागतात, हे नवऱ्याला माहीत होतं. एका दिवशी माझी ड्यूटी दुसऱ्या मॅडमनी मागून घेतली. मी घरी ते सांगितलं नाही. नेहमीप्रमाणे कॉलेजात गेले, फोन स्टाफरूमच्या कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि मागच्या फाटकाने बाहेर पडून कल्याण डेपोतून ठाण्याची एसटी पकडली. नौपाड्यात माझी मोठी बहीण राहते. तिच्याकडे मी दीड वर्षात एकटी गेले नव्हते.

बसमध्ये मी खिडकीपासून लांब बसले. फोन तिकडे कपाटात वाजत असेल असं सारखं वाटत होतं. कोन गावाच्या पुढे ट्रकांची रांग लागली आणि बस हलेना. शेजारची बाई म्हणाली, “उतरा म्हणजे बरं वाटेल. चेहरा पांढरा पडलाय तुमचा.” मी मान हलवली. परत फिरावं असं दोनदा मनात आलं, पण बस मध्येच उभी होती, उतरून जाणार कुठे? ठाण्यात खोपटच्या स्टँडवर उतरले तेव्हा पाठ घामाने चिकटलेली. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना माझा आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. त्याने तीनदा विचारलं.

ताईने पाणी दिलं आणि समोर बसली. मी काय काय सांगितलं ते आता नीट आठवत नाही. लोकेशन, कडी, सपाता. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मारतो का गं?”

“नाही.”

“बाहेर काही भानगड? दारू?”

“नाही.”

“मग?” ती म्हणाली. “अगं, काळजी करतो तुझी. थोडं तूही समजून घे ना. तुझा स्वभाव लहानपणापासून हळवा.”

वैयक्तिक कारण क्रमांक एक. मी स्वतः किती वह्यांमध्ये ते उतरवून दिलेलं.

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. तोच होता. तिने स्पीकर लावला.

“ताई, कशा आहात? सहज केला. ती तुमच्याकडे आली आहे का? कॉलेजात गेलो होतो, तर म्हणाले आज ड्यूटीच नाही तिची. जरा काळजी वाटली.”

आवाज अगदी नेहमीचा, मऊ. ताईने माझ्याकडे बघितलं. मी काहीच खूण केली नव्हती.

“नाही,” ताई म्हणाली. “इथे कुठे?”

“नक्की ना, ताई?”

“नक्की.”

फोन बंद झाला. ताईने तो पालथा ठेवला आणि उठून दाराची कडी लावली. मग वरचा बोल्टही लावला. तिथेच दाराला पाठ लावून ती उभी राहिली.

“मी खोटं का बोलले गं?” तिने विचारलं. “तो काही वाईट तर नाही बोलला. मी का घाबरले?”

मी रडायला लागले. दीड वर्षात मला पहिल्यांदाच साक्षीदार मिळाला होता.

तासाभराने तो आलाच. ताईने आतलं दार उघडलं, बाहेरचं जाळीचं तसंच ठेवलं. मी आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून ऐकत होते.

“ताई, तुम्ही तर नाही म्हणालात. चपला तिच्याच आहेत ना या?”

“हो. ती आता इथेच राहील.”

“बरं दिसतं का हे?”

“नाही दिसत,” ताई म्हणाली.

तो ओरडला नाही. जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. येणारे-जाणारे थांबून विचारत होते. समोरच्या काकूंनी त्याला पाणी दिलं, “जावईबापू बाहेर का हो?” तो म्हणायचा, “काही नाही, थोडी रागावलीय.” बिचारा, हा शब्द मला आत दोनदा ऐकू आला. मला वाटलं, आता उठून गेलं नाही तर सगळी बिल्डिंग दारात येईल. मी उठून खोलीच्या दारापर्यंत आलेसुद्धा. ताईने हातानेच मला बस म्हणून सांगितलं, स्वयंपाकघरातून मेथीची जुडी आणि स्टूल आणलं आणि जाळीच्या आत, बरोबर त्याच्या समोर बसून भाजी निवडायला घेतली. एकेक पान. दोघं एकमेकांकडे बघत होते. जुडी संपली, तिने दुसरी आणली. साडेपाचच्या सुमारास तो उठला, पँट झटकली आणि “येतो, ताई” म्हणून गेला.

मी परत डोंबिवलीला गेले नाही. कोर्टात केस चालू आहे. तो तारखेला इस्त्रीच्या शर्टात येतो आणि माझ्या वकीलबाईंनाही नमस्कार करतो. आंबिवलीची ती मुलगी पास होऊन गेली. तिच्या पेपरात तो शेजारणीचा मुद्दा होता, सामाजिक कारणांत, अगदी पहिला. मी तिला त्याबद्दल कधीच काही सांगू शकले नाही.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. गेल्या महिन्यात ठाण्यातच गावदेवीच्या बाजारात फुलं घेताना मागून कोणीतरी अगदी त्याच्यासारखं खाकरलं. मी पैसे तसेच टाकून समोरच्या मेडिकलमध्ये शिरले. दुकानदार म्हणाला, “काय देऊ?” मी कापूस मागितला. काचेतून बघितलं तर पाठीला दप्तर लावलेला कोणी एक परका माणूस होता, पेरू निवडत होता. मी कापूस पिशवीत टाकला आणि तो माणूस दिसेनासा होईपर्यंत दुकानातच उभी राहिले.