गंगेची ओटी आणि माझा व्ह्यू

गेल्या आठवड्यात कोलकात्यात आईने मला पार गप्प केलं... तेही भर क्रूझवर.

मी माथेरानला हॉटेलच्या रिसेप्शनवर असतो, घर कर्जतला भिसेगावात. माझ्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा आईने नवस बोलला होता, पोरगा चालायला लागला की भर पात्रात जाऊन गंगेची ओटी भरीन. आज-उद्या करत तीन वर्षं गेली. यंदा दिवाळीचा सीझन उपसून अंगात त्राण नव्हतं, तरी निघालो. बाबा भातकापणीसाठी मागे राहिले.

कोलकात्याची हुगळी म्हणजे गंगाच. घाटावर पोचलो तर एजंटांचा नुसता गराडा! सनसेटवाली बोट, डिनरवाली, गाण्यांची, एसीवाली... डोकं भणभणलं. मी प्रत्येकाला एकच विचारत होतो, व्ह्यू कुठून चांगला? वीस वर्षं गेस्टच्या तोंडून तेच ऐकतोय, दुसरं काही सुचेचना. आई ओटीची पिशवी छातीशी धरून पायरीवर बसली होती. तिला विचारायचं राहूनच गेलं.

शेवटी सगळ्यात उंच बोट घेतली, वरचा डेक. आईचे गुडघे आणि तो लोखंडी जिना... देवा रे! पण व्ह्यू खरंच झकास होता. नदीच्या मधोमध आल्यावर म्हटलं, "आई, भर आता ओटी."

तिने कठड्यावरून खाली पाहिलं. "पानी कुठं हाय रं? हात तरी पोचतो का?"

"अगं, सोड ना इथूनच."

"ओटी काय वरनं टाकतात? बाईच्या पदरात कोनी नारळ फेकून मारतं का रं?"

लोक फोटो काढत होते आणि आई पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. मला माझीच चीड आली.

उतरलो तेव्हा पायांचे तुकडे पडले होते, कधी एकदा लॉजवर जाऊन आडवा होतोय असं झालेलं. पण घाटाच्या कडेला एका म्हाताऱ्या नावाड्याची साधी होडी दिसली. आईला हात धरून तिच्यात बसवलं.

मधोमध गेल्यावर तिने खण, तांदूळ, नारळ दोन्ही हातांनी अलगद पाण्यावर ठेवले. "झालं गं बाय, फिटलं," नदीला म्हणाली... आणि तोच ओला हात माझ्या ऑपरेशनच्या पायावरून फिरवला. मला रडूच आलं.

आज परत ड्युटी, शीण तसाच आहे. सकाळी एका गेस्टने व्ह्यूवाली रूम मागितली, वरच्या मजल्यावरची. त्याची आई मागे सोफ्यावर गुडघे चोळत बसली होती.

चावी हातात होती... पण मी काउंटरमागून बाहेर आलो आणि त्यांच्यासमोर जाऊन विचारलं, "काकू, तुम्हाला कुठली रूम हवीय?"