पिवळा दिवा परत लागला

मंडळी, आज आईला डायलिसिससाठी रोह्याहून पेणला नेत होतो. गडब गावाजवळ माझ्या जुन्या गाडीच्या इंजिनचा पिवळा दिवा परत लागला आणि गाडी ओढेना. कशीबशी पेणच्या गॅरेजपर्यंत आणली.

मेकॅनिकने स्कॅनर लावला. मागच्या आठवड्यात सेन्सर बदलूनही बिघाडाचा तोच कोड.

"सेन्सर नाय दादा. धूर साफ करणारी सायलेन्सरमधली जाळी चोंदलीय. या मॉडेलची आता येत नाय."

"मग?"

हात पुसत तो पुढच्या गाडीकडे वळला.

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "आज नाय गेलं तर चालंल रे."

चालत नाही, हे तिलाही माहीत आहे.

तिला रिक्षाने नेलं. आता दवाखान्याबाहेर बसून लिहितोय. परवा परत यायचंय आणि गाडी अजून गॅरेजमध्येच आहे. तुम्ही काय केलं असतं?