पावडर घेतली, पाणी सोडलं

"ही पोरगी पैलवानकी करते का?" रिपोर्ट हातात धरून डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा बाबा हसले. त्यांना वाटलं, पोरीचं कौतुक चाललंय. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "हिचे स्नायू फुटून त्यातली घाण रक्तात उतरलीय. रॅब्डोमायोलिसिस म्हणतात याला. त्यानं किडन्या तुंबल्या. लघवी काळ्या चहासारखी होतेय, ती त्यामुळंच. आत्ताच ॲडमिट करा."

अकोल्याच्या दवाखान्यातली ती दुपार. मांड्या अशा दुखत होत्या की कुणी नुसती चादर सरकवली तरी मी ओरडायचे. आणि माझ्या डोक्यात काय, तर तोंडावर आलेली पोलीस भरती! धन्य माझी.

आमचं गाव हिवरखेडच्या पलीकडं. नुसत्या शेतीवर घर चालेल असे दिवस राहिले नव्हते, म्हणून गावातले निम्मे पोट्टे-पोट्ट्या भरतीच्या मागं. मी आणि माझी मैत्रीण संगीता उजाडायच्या आत मैदानावर. धावणं मला जमायचं, गोळाफेक काही केल्या जमेना. मग आमच्या सरांनी क्रिएटिन सुचवलं. सर फौजेतून निवृत्त झालेले, गावातल्या पोरांना फुकट शिकवत.

क्रिएटिन म्हणजे काय ते सांगते, कारण गावात अजून त्याला 'ते औषध' म्हणतात, जसं काही विषच. ते आपल्या शरीरात असतंच, मटण-मासळीतही असतं. गोळा फेकताना, वजन उचलताना एकदम जोर लावायचा असतो, तेव्हा स्नायूंच्या कामी येतं. सर स्वच्छ बोलले होते, "रोज एक लहान चमचा, ज्यादा नाई. आन पानी भरपूर प्या लागते. पानी पेनं होत नसन तं घेऊच नका."

चमचा मी नेमानं घेतला. गोळा पुढं जायला लागला, दंड भरले, आई म्हणाली, "काय वं, पोट्टी हायेस का पोट्टा?" पाणी मात्र मी प्यायले नाही.

मे महिन्यात भरती जवळ आली तशी मी चेकाळले. सकाळी सराव, संध्याकाळी सराव. कमरेला टायर बांधून ओढायचा, वर बैठका. अंग ठणकलं की दुखण्याची गोळी. एका सकाळी पाय दुमडेचना आणि लघवी काळी झाली. आई म्हणाली ऊन लागलं. कैरीचं पन्हं पाजलं, तळपायाला कांदा चोळला. यात दोन दिवस गेले. तुमच्यापैकी कुणाला लघवी अशी दिसली, तर पन्हं नंतर प्या, आधी दवाखाना गाठा.

वॉर्डात ज्याला त्याला कारण माहीत होतं. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणे, खारं पाणी. आमच्या भागात किडनी म्हटली की विहिरींना खारं पाणी लागणारा तो खारपाणपट्टा आलाच. मामा म्हणे, पावडर. बाबांनी तर सरांना फोनवर नको नको ते ऐकवलं. मी पडल्या पडल्या ऐकत होते.

राउंडला मॅडम डॉक्टर आल्या. "पाणी किती प्यायचीस?"

बाबाच बोलले, "पेते नं मॅडम! घरचं दूधबी देतो तिले."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, बाबांना सलाईनची बाटली आणायला पाठवलं आणि पुन्हा तेच विचारलं. मग मी सांगितलं. मैदानावर बायकांना लघवीला जायला जागा नाही. चारी बाजूंनी उघडं, कडेला पोट्टे बसलेले. म्हणून आम्ही पोरी रात्रीपासूनच पाणी सोडायचो. सराव करून घरी जाईपर्यंत घोटभरसुद्धा नाही. हे बाबांसमोर कसं बोलू?

मॅडम म्हणाल्या, "एकट्या पावडरनं हे होत नाही. अंगात पाणी नाही, एवढं ऊन, इतकी मेहनत आणि वरून त्या दुखण्याच्या गोळ्या. किडनीनं करायचं काय?"

क्रिएटिनिन नावाची तपासणी असते. किडनी रक्त कितपत साफ करते ते त्यावरून कळतं. क्रिएटिन घेणाऱ्याचा आकडा थोडा वर दिसू शकतो, म्हणून पावडर घेत असाल तर आधीच सांगा. माझा थोडा नव्हता, खूपच वर होता. डायलिसिस लागलं. मानेतल्या शिरेत नळी घालून रक्त मशीनमधून धुऊन काढतात. लघवी सुटेपर्यंत पाणीही मापानं. जिनं आपणहून पाणी सोडलं, ती आता आईला म्हणायची, "एक घोट दे नं माय," आणि आई तोंड फिरवून रडायची.

किडन्या परत चालू झाल्या, पण पूर्ण नाहीत. मॅडम म्हणाल्या, "चाल, फिर. पण ती भरती, तो जोर, आता नाही. पाणी तासातासाला प्यायचं. आणि लघवी रोखून धरायची नाही." मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडले. किडनीसाठी नाही, वर्दीसाठी.

संगीता भरती झाली. तिचा वर्दीतला फोटो आला, मी जळले. खोटं कायले बोलू? मला पाहायला यायचे ते पाहुणेही यायचे बंद झाले. किडनीवाली पोरगी कोण करून घेणार?

पावसाळा सरल्यावर एकदा मैदानाकडं फिरायला गेले. हातात बाटली, मॅडमचा हुकूम. व्हायचं तेच झालं, लघवी लागली. घर लांब आणि रोखायची तर मनाई. मैदानाला लागून ताराकाकूंचं घर आहे. त्यांच्या अंगणात निळ्या दाराचा संडास, रोज धावताना दिसायचा. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण कडी वाजवली.

"जाय नं बाई, इचारते काय?" काकू म्हणाल्या आणि बादली भरून दिली.

बाहेर आले तर त्या ओट्यावर बसलेल्या. म्हणाल्या, "दोन सालं झाले, तुमी पोरी माह्या दारापुढून धावता. एकीनंबी कडी वाजवली नाई. मले वाटे, पोलीस होनाऱ्या पोरी, आपल्या घरात काहून येतीन?"

मी त्यांच्या पाया पडले. त्या बिचाऱ्या घाबरल्या, म्हणाल्या, "काय झालं वं?"

आता सकाळी मी त्याच ओट्यावर बसते. नव्या पोरी धावतात. जिची बाटली भरलेलीच दिसते तिला हाक मारते, "ये वं, पे आधी. दार उघडंच हाये."