गेटपर्यंत सोडायचे अब्बा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगणं जमेल — बहुतेक.

दोह्यात, अल गराफा भागातल्या एका व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. अब्बा ट्रेडिंग कंपनीत क्लार्क; रत्नागिरीत दहावीपर्यंत शिकलेले. ऑफिसला जाताना मला युनिव्हर्सिटीच्या गेटपर्यंत सोडायचे. गाडीतल्या एसीची सगळी हवा माझ्याकडे वळवायचे आणि स्वतः घामाघूम. अजून आठवतं आणि जीव तुटतो.

दुसऱ्या वर्षी मी गणितात आपटले. दोनदा. स्कॉलरशिप गेली. एका मॅडमनी सांगितलं — कम्युनिटी कॉलेजला जा, दोन वर्षांचं साधं कॉलेज असतं, पाया पक्का कर, मग दुसरीकडे ट्रान्सफर घे. सल्ला चांगला होता. मी ऐकलाही. फक्त घरी सांगितलं नाही.

मग मी काय करायची? रोज त्याच गेटवर उतरायची. जुन्या ओळखपत्राचा पट्टा गळ्यात! अब्बांची गाडी वळली की पट्टा पर्समध्ये, आणि मेट्रोनं शहराच्या दुसऱ्या टोकाला, कम्युनिटी कॉलेजात. दीड वर्ष. फी शिकवण्या घेऊन भागवायची — केवढी हुशार ना मी?

पण खरी गोष्ट ही नाही. ती सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून इकडचं तिकडचं सांगत बसलेय.

एकदा माझा डबा घरी राहिला. अम्मीनं सुरमईचं कालवण केलं होतं, माझ्या आवडीचं. अब्बा ऑफिसातून सुट्टी मागून डबा घेऊन गेटवर आले. सप्टेंबरची दुपार — इथला सप्टेंबर म्हणजे भट्टीच. फोन आला, "बाहेर ये गो, डबा आणलाय."

मी म्हटलं, लॅबमध्ये आहे, सोडत नाहीत.

"मग थांबतो."

आणि थांबले! दोन तास. मी अर्ध्या तासात पोचले असते. पण बाहेरून येताना दिसले असते ना — म्हणून कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसून राहिले. फोन उलटा ठेवून. शेवटी त्यांनी डबा गार्डकडे दिला. संध्याकाळी मी तो घेतला, तेव्हा कालवण आंबलं होतं. घरी म्हटलं, झकास होतं. अब्बांचा चेहरा उन्हानं रापला होता, तरी खूश झाले.

पुढे मला मलेशियात ट्रान्सफर मिळाली. अब्बांनी ऑफिसात खजूर वाटले. त्यांना वाटलं, मोठ्या युनिव्हर्सिटीनंच पाठवलं.

आणि गंमत बघा — माझं सगळ्यात सुखाचं शिक्षण त्या कम्युनिटी कॉलेजातच झालं. गणित तिथंच कळलं. ते अब्बांना सांगावं, असं इतकं वाटतं... पण कुठल्या तोंडानं?

आता मी पुन्हा दोह्यात, नोकरीला. अब्बा गावी. गेल्या शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "तुझं ते गेट दाखव गो एकदा. शेजारचे आलेत."

मी गाडी काढली. गेटसमोर उभी राहिले. फोन वर धरला.

"इथं सोडायचो मी हिला," अब्बा कुणाला तरी सांगत होते. "रोज."

हात भरून आला, तरी मी फोन तसाच धरून ठेवला.