इथं खणा

पाणीखात्यात त्यांना सगळे कानवाले काका म्हणत. सळईचं एक टोक रस्त्यावर आणि दुसरं कानाला लावून, जमिनीखाली पाइप नेमका कुठे गळतोय ते काका सांगायचे. कुठेही आवाज बदलला की त्यांना राहवत नसे.

पेन्शनची आणि आजारपणाच्या विम्याची पगारातली कपात वाढणार, हे सांगायला साहेबांनी युनियनला बोलावलं. सगळे हमरीतुमरीवर आले. काका मात्र डोळे मिटून ऐकत होते. साहेब घडाघडा बोलत होते, फक्त ‘कपात सर्वांनाच’ म्हणताना त्यांचा आवाज दबला.

काकांनी डोळे उघडले. “साहेब, तुमचीही कपात वाढणार का हो?”

साहेब कागद चाळू लागले.

काका शेजारी बसलेल्या युनियनच्या सेक्रेटरीच्या कानाशी वाकले. “इथं खणा.”