उन्हाची बाजू

इथे हिमाचलात हिवाळ्यातही पाऊस लागून राहतो. गावच्या कोयीतून उगवलेलं माझं आंब्याचं रोप गारठून मरेल, या धास्तीनं मी ते प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं. उघडून पाहिलं तर आत पाणी साचलेलं, पानं काळवंडलेली.

मी कामाला आहे त्या बागेच्या मालकीण अम्माजी हसल्या. "अरे, बाळाला दुलईत घेताना नाकही झाकतोस का?" त्यांनी रोपावर गवताची झोपडी उभारली आणि उन्हाची बाजू तेवढी उघडी ठेवली.

शेंडा अजून हिरवा आहे. शाळा अर्धवट सोडलेल्या मला परमुलखात पाठवताना आईलाही अशीच धास्ती वाटली असेल, पण तिनं अडवलं नाही. इथे अम्माजींनी ठेवून घेतलं.

काल फोनवर आई म्हणाली, "फार थंडी आहे का रे?"

"आहे," मी म्हणालो, "पण ऊन येतं."