पालमच्या काकू

“मास्तर, लय पाणी प्यालात की! काटा खोटं बोलत न्हाई,” वजनकाट्यावर उभ्या असलेल्या माझ्या बाबांना काकू हसत म्हणाल्या.

त्या पालमहून एसटीनं परभणीला, बाबांसारख्याच डायलिसिसला येतात, आठवड्यातून तीनदा, न चुकता. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. तहान लागली की त्या बाटलीच्या टोपणात पाणी ओततात आणि तेवढंच पितात. सुया टोचतात त्या हातानं पिशवीही उचलत नाहीत.

“परवा पुतण्याचं लग्न आहे. एक दिवस नाही आलो तर काय बिघडतं?” बाबा म्हणाले.

काकूंचं हसू गेलं. “लेकीच्या हळदीदिवशी बी मी हितंच होते, मास्तर. म्हणून तर आज नातू खेळवायले.”

बाबा काट्यावरून खाली उतरले. पाहुण्यांच्या गर्दीत मला बोलायला सुचत नाही, हे त्यांना माहीत आहे. तरी मी म्हणाले, “बाबा, लग्नाला मी एकटी जाते. तुम्ही इथे या.”